किमान वेतन वाढलं तेव्हा कारखान्यात काय झालं? स्वतः शोधून काढायचं तर

मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२४ पासून किमान वेतनाचे नवे दर लागू झाले. अकुशल कामगाराला महिना ११,८०० रुपये, अर्धकुशलाला १२,७९६, कुशलाला १४,५१९ आणि उच्चकुशलाला १६,१४४. तेव्हाच्या १९४८च्या किमान वेतन कायद्याप्रमाणे दरांचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हायला हवा होता, इथे त्याला जवळपास दहा वर्षं लागली. मग प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेलं, मे महिन्यात स्थगिती आली आणि डिसेंबरात ती उठली.

त्या वर्षी गणपतीत आरती झाल्यावर आमच्या घरी यावरून जुंपली. इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक भागात छोटं युनिट चालवणारा माझा आतेभाऊ म्हणाला, "एप्रिलमध्येच चार पोरं कमी केली. काय करणार?" मिल बंद पडल्यापासून घरी बसलेले मामा म्हणाले, "वाढलेला पगार कुणाच्या हातात पडला ते आधी दाखव, मग पोरांचं बोल." दोघंही खोटं बोलत नव्हते. पण आतेभावाला त्याचं एक युनिट दिसत होतं आणि मामांना त्यांच्या ओळखीचे दहा-बारा कामगार.

असा प्रश्न नीट कसा तपासायचा, ते पायरीपायरीनं लिहिते. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला प्रबंधिका करणारी मुलं, पत्रकार, युनियनमध्ये किंवा उद्योजकांच्या संघटनेत काम करणारे लोक, यांपैकी कुणालाही सहा-आठ महिन्यांत जमेल इतपतच. किमान वेतन हे उदाहरण म्हणून घेतलं आहे. पीएफची मर्यादा, विजेचे दर, एखादी अनुदान योजना, यांपैकी काहीही घेतलं तरी पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

प्रश्न लहान करा

"किमान वेतनवाढीचा इंदूरच्या उद्योगांवरील परिणाम" हे विषयाचं नाव झालं. त्याला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, म्हणून तो अजून प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: सांवेर रोडवरच्या दहा ते पन्नास कामगारांच्या युनिटांमध्ये, मार्च २०२४ मध्ये नव्या दरापेक्षा कमी पगार देणाऱ्यांनी वर्षभरात माणसं कमी केली का, आणि आधीपासून जास्त देणाऱ्यांच्या तुलनेत किती?

"कमी केली" म्हणजे काय, तेही आधीच ठरवून लिहून ठेवा. कारखानेदाराकडे वाटा बऱ्याच असतात. माणसं तीच ठेवून ओव्हरटाइम बंद करता येतो, पक्क्या माणसाच्या जागी ठेकेदाराचा माणूस आणता येतो, शिकाऊ म्हणून दाखवता येतं, कुशलाला अकुशलाच्या रकान्यात बसवता येतं, मालाचा भाव वाढवता येतो, नफ्यात घट सोसता येते. डोकी मोजलीत आणि तास मोजले नाहीत, तर निम्मी गोष्ट हातून निसटते. मी चार मोजमापं धरते: डोकी, एकूण कामाचे तास, हातात पडलेली रक्कम आणि ठेक्यावरच्या कामगारांचं प्रमाण. यातलं मुख्य कोणतं ते तारीख घालून वहीत लिहायचं. नंतर आकडे पाहून मोजमाप बदलण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झालेला आहे.

नियम मुळातून वाचा

वर्तमानपत्रातल्या बातमीवर विसंबू नका. राजपत्रातली अधिसूचना मिळवा. राज्याच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय इंदुरातच आहे, ही आपली सोय. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. व्यक्तींची माहिती मागू नका, ती मिळणार नाही आणि मिळूही नये. कोणत्या महिन्यात किती तपासण्या झाल्या, किती दावे दाखल झाले, एवढं विचारा.

अधिसूचनेत पाहायच्या गोष्टी: कोणते उद्योग येतात, श्रेणी कशा ठरतात, मूळ वेतन किती आणि महागाई भत्ता किती, रोजचा दर कसा निघतो. रोजचा दर साधारणपणे महिन्याच्या रकमेला २६ने भागून येतो, म्हणजे ११,८००चा रोज ४५४ रुपये. तीस दिवसांनी भागून दिलेला रोज ३९३ होतो. दिवसाला साठ रुपयांचा हा फरक बऱ्याच हजेरीपत्रकांत मुकाट्यानं बसलेला सापडतो. महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबर असा दोनदा बदलतो, तेव्हा ऑक्टोबरात दिसणारी हालचाल भत्त्यामुळे की आणखी कशामुळे, हे वेगळं करावं लागतं.

एक कालरेषा कागदावर काढून भिंतीला लावा. नवे दर एप्रिलपासून, स्थगिती मेपासून, स्थगिती उठली डिसेंबरात. लागू, बंद, पुन्हा लागू अशी उघडझाप संशोधकाला क्वचित मिळते. पगारामुळे माणसं कमी झाली असतील तर स्थगितीच्या काळात काही परत यायला हवीत. पण एक पेचही आहे. उद्या दर पुन्हा लागू होईल असं ज्या मालकाला वाटतं, तो स्थगिती असतानाही माणूस घेत नाही. म्हणून मुलाखतीत "स्थगिती आली हे तुम्हाला कधी कळलं आणि ती टिकेल असं वाटलं होतं का" हा प्रश्न घालाच.

तुलना कुणाशी?

सगळी अडचण इथे आहे. वाढीनंतर कामगार कमी झाले एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही, कारण मागणी घटली असेल, कच्चा माल महागला असेल. वाढ झाली नसती तर काय झालं असतं, हे दाखवणारा कुणीतरी शेजारी लागतो.

या पद्धतीचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. एप्रिल १९९२मध्ये न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनिया मिळून ४१० फास्ट फूड दुकानांना वाढीआधी आणि वाढीनंतर फोन करून माणसं मोजली. अर्धवेळ कामगार अर्धा धरला. न्यू जर्सीत दुकानामागे सरासरी २०.४४ची २१.०३ झाली. पेनसिल्व्हेनियात २३.३३ची २१.१७. म्हणजे एकीकडे ०.५९ची वाढ, दुसरीकडे २.१६ची घट, आणि दोन्हींतला फरक सुमारे पावणेतीन माणसांचा, तोही वाढीच्या बाजूनं. पगार वाढला की माणसं कमी होणारच, असं शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकाला हे चांगलंच झोंबलं. १९९४ साली निबंध छापून आला, २०२१ साली कार्ड यांना नोबेल मिळालं. क्रूगर तोवर हयात नव्हते.

मधला भाग मात्र लोक सांगत नाहीत. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी फोनवर सांगितलेल्या संख्येऐवजी दुकानांच्या पगारपत्रकांचे आकडे घेऊन तोच हिशेब केला आणि २००० साली उलट निष्कर्ष मांडला. त्यावर कार्ड-क्रूगर यांनी सरकारी नोंदी वापरून पुन्हा उत्तर दिलं. सूत्र तेच असूनही, आकडा कुठून उचलला यावर निकाल हलत होता.

आता आपली न्यू जर्सी इंदूर धरली, तर पेनसिल्व्हेनिया कुठे? पहिला विचार येतो बडोद्याचा. राज्य वेगळं, किमान वेतन वेगळं, आपल्या मंडळींचे नातेवाईकही तिकडे भरपूर. पण मकरपुऱ्याची यंत्रसामग्री, नंदेसरीची रसायनं आणि इंदूरचं तयार कपड्यांचं, नमकीनचं काम यांची चाल एक नाही. रसायनांच्या निर्यातीत तिकडे काही बिघडलं, तर त्याचं खापर आपण इकडच्या पगारवाढीवर फोडू. शिवाय दोन राज्यं म्हणजे खरं तर एकच तुलना. प्रत्येक बाजूला पाचशे कामगार विचारलेत, तरी त्या वर्षी एका राज्यात घडलेली दुसरी कोणतीही गोष्ट तुम्हाला वेगळी काढता येणार नाही. दाहोद आणि झाबुआ अशी सीमेलगतची जोडी कागदावर छान दिसते, पण मोजण्याइतके कारखाने तिथे नाहीत.

मला पटणारी वाट इंदूरच्या आतलीच आहे. कार्ड-क्रूगर यांनीही ती वापरली होती: न्यू जर्सीतली जी दुकानं आधीपासूनच पाच डॉलर देत होती, त्यांच्यावर वाढीचा बोजा जवळपास नव्हता, म्हणून तीच तुलनेला घेतली. आपणही युनिटगणिक "तफावत" काढू शकतो. समजा, एका युनिटात अकुशल कामगाराला मार्चमध्ये १०,००० मिळत होते. नव्या दरापर्यंत जायला १,८०० लागतात, म्हणजे तफावत १८ टक्के. शेजारचा १२,५०० देत होता, त्याची तफावत शून्य. सगळ्या कामगारांची सरासरी काढली की युनिटाचा आकडा मिळतो. एकाच सेक्टरमधली, एकाच वीजकपातीतली, एकाच बाजारात माल विकणारी युनिटं तफावतीप्रमाणे वेगळी वागली का, एवढं पाहायचं.

यात गृहीत धरलेलं असतं की वाढ झाली नसती तर दोन्ही गट सारखेच चालले असते. हे सिद्ध करता येत नाही, पण तपासता येतं. वाढीच्या आधीचे बारा महिने काढून पाहा. दोन रेषा तेव्हाच फाकत असतील, तर पुढे जाऊ नका.

ऋतूंचंही भान ठेवा. होळीच्या आधी भगोरियाच्या जत्रेला झाबुआ-अलीराजपूरकडची माणसं गावी जातात. रंगपंचमीला इंदुरात कोण कामावर येतं? जून-जुलैत पेरणीसाठी धार-झाबुआकडचे हात कमी होतात. १३ मे २०२४ला इथे लोकसभेचं मतदान होतं आणि स्थगितीही मे महिन्यातलीच. एप्रिलची तुलना एप्रिलशी करा, जुलैशी नाही.

सरकारी आकडे

स्वतःचं सर्वेक्षण करायच्या आधी फुकट काय मिळतं ते पाहा. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या सूक्ष्म आकडेवारीच्या पोर्टलवर नाव नोंदवलं की घटकनिहाय फाइली उतरवता येतात. आपल्या कामाच्या तीन.

पहिली, वार्षिक उद्योग सर्वेक्षण, ज्याला सगळे एएसआय म्हणतात. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्याखाली नोंदलेले कारखाने यात येतात: वीज असेल तर दहा आणि नसेल तर वीस किंवा जास्त कामगार. थेट कामगार आणि ठेकेदाराचे कामगार वेगवेगळे मिळतात, कामाचे दिवस मिळतात, पगाराची रक्कम मिळते. त्याच कारखान्याला वर्षानुवर्षं ओळखणारा क्रमांक मिळतो. मात्र अलीकडच्या फाइलींत जिल्हा मिळत नाही, राज्यावर थांबावं लागतं. इंदूरचा अभ्यास म्हणून एएसआय उघडणारा प्रत्येक विद्यार्थी इथे पहिल्यांदा आपटतो.

दुसरी, असंघटित बिगरनिगमित उद्योगांचं वार्षिक सर्वेक्षण. गल्लीतली एकट्या मालकीची आणि भागीदारीची युनिटं, दुकानं, सेवा यात येतात. नऊ माणसांचं युनिट दहावर गेलं आणि त्यानं कारखाना म्हणून नोंद केली की ते इथून नाहीसं होऊन एएसआयमध्ये "नवा कारखाना" म्हणून उगवतं. एकाच शेडला दोन नावांच्या पाट्या आणि दोन हजेरीपत्रकं मी पाहिली आहेत. प्रत्येकी नऊ कामगार. कायद्याचा उंबरठा जिथे असतो, त्याच्या जरा खाली गर्दी का दिसते, याचं उत्तर तिथेच मिळालं. २१ नोव्हेंबर २०२५पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी केंद्राच्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखान्याचा हा उंबरठा वीस व चाळीस असा वर सरकला, तेव्हा पुढची वर्षं जोडताना व्याख्या पुन्हा तपासा.

तिसरी, नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण. २०१७-१८पासून सुरू झालेलं हे सर्वेक्षण घरोघरी जाऊन होतं. नियमित पगारदाराला गेल्या महिन्याची कमाई विचारतात, रोजंदारीवाल्याला आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाची. जानेवारी २०२५पासून जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक झाला आहे, त्याआधीच्या वर्षांत जिल्ह्याचा आकडा काढून छापणं धाडसाचं होतं, तरी लोक छापतात. आणि वेटेज लावल्याशिवाय कोणतीही सरासरी काढू नका. नमुन्यातलं एक घर किती घरांचं प्रतिनिधी आहे हे तो गुणक सांगतो. तो विसरलात तर तुमचा आकडा फक्त नमुन्याचा असतो, शहराचा नाही.

इथे एक खास आपल्याकडची फसगत. पीथमपूर म्हटलं की इंदूरकर ते आपलंच समजतो, पण ते धार जिल्ह्यात आहे. कारखाना धारच्या खात्यात मोजला जातो आणि रोज सकाळी कंपनीच्या बसनं तिथे जाणारा राऊ किंवा राजेंद्रनगरचा कामगार घराच्या सर्वेक्षणात इंदूरचा ठरतो. नुसत्या जिल्ह्याच्या नावावर दोन फाइली जोडल्यात, तर धारमध्ये कारखाने भरपूर आणि कामगार कमी असं विचित्र चित्र येईल.

पीएफच्या मासिक "नव्या नोंदी" वापरणार असाल तर एकच सांगते: वीस कामगारांच्या खालच्या युनिटाला पीएफ बंधनकारक नसतो. एकोणीसचं युनिट वीसवर गेलं की एक नोकरी वाढते आणि वीस नोंदी वाढतात.

गल्लीत उतरल्यावर

पहिलं काम यादी. उद्योजक संघटनेची यादी सदस्यांची असते, सगळ्या युनिटांची नाही. लहान आणि अडचणीतली युनिटं तिच्यात कमी. सांवेर रोडच्या ए ते एफ सेक्टरांपैकी दोन निवडा आणि पायी फिरून प्रत्येक शटर लिहा: पाटी, काम, अंदाजे माणसं, चालू की बंद. दोन मुलींनी मिळून एक सेक्टर आठवड्यात होतो. मग आकाराप्रमाणे तीन गट पाडून प्रत्येकातून चिठ्ठ्या काढा. ओळखीच्या काकांचं युनिट चिठ्ठीत आलं नाही तर सोडून द्या. दार न उघडणाऱ्याच्या बदली कोण, हा नियमही आधीच ठरवा, नाहीतर उन्हात फिरणारा माणूस शेजारच्या चहा पाजणाऱ्या मालकाकडेच जातो.

बंद शटर वगळू नका. कार्ड-क्रूगर यांनी दुसऱ्या फेरीत बंद पडलेली दुकानंही हिशेबात धरली, तिथली माणसं शून्य म्हणून. वाचलेल्यांनाच विचारलंत तर सगळं आलबेल दिसतं. आपल्या शहराला हे वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी २५ डिसेंबर २०२३ला दिले गेले. त्या तीस वर्षांत कारखान्यांच्या कोणत्याही सर्वेक्षणात ते कामगार नव्हते, कारण त्यांचा कारखानाच नव्हता.

किती लोकांना विचारायचं? एकाच युनिटातले कामगार एकमेकांसारखे असतात. मालक एक, पगाराची रीत एक. तीस युनिटांतून प्रत्येकी दहा असे तीनशे कामगार घेतलेत आणि एका युनिटातल्या पगारांतलं साम्य ०.३ असेल (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे अगदी एकसारखे), तर दहातून एक वजा करून उरलेले नऊ गुणिले ०.३ अधिक एक, म्हणजे ३.७. तीनशेला त्यानं भागा. तुमच्या हातात स्वतंत्र माहिती एक्याऐंशी माणसांइतकीच आहे. म्हणून एका युनिटातून दहा घेण्यापेक्षा दुप्पट युनिटांतून पाच-पाच घ्या. युनिटं वाढवणं शक्यच नसेल तर खेपा वाढवा. मुंबईजवळच्या तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड गिरण्यांवर व्यवस्थापन-सल्ल्याचा परिणाम मोजणारा निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा प्रयोग फक्त १७ कंपन्यांच्या २८ गिरण्यांवर उभा होता. त्यांनी आठवड्याआठवड्याचे आकडे घेतले आणि पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्के वाढल्याचं दाखवलं.

पगार विचारणं ही वेगळी कला आहे. "पगार कितना है?" याला कामगार तो आकडा सांगतो जो सांगायचा असतो. मी तो प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी: पिछले महीने कितने दिन हाजरी लगी, रोज कितने बजे से कितने बजे, ओवरटाइम सिंगल मिला कि डबल, एडवांस कितना कटा, कमरे-खाने का कटा क्या, ठेकेदार ने कुछ रखा क्या, खाते में कितना आया, हाथ में कितना रहा. शेवटच्या दोन उत्तरांत फरक दिसला की पुढे विचारू नका, नुसतं लिहा. खात्यात नव्या दरानं पूर्ण रक्कम येते आणि त्यातली काही त्याच संध्याकाळी रोख परत जाते, हे दोन ठिकाणी ऐकलं. एका ठिकाणी एटीएम कार्डच ठेकेदाराकडे होतं. मामांचा मुद्दा हाच होता, आणि बँकेची नोंद पाहून तो कधीच दिसला नसता.

कामगाराला कारखान्यात विचारू नका. मालकानं बोलावून दिलेले तीन जण तर नाहीच. सुट्टीनंतर बाणगंगा, परदेशीपुऱ्याकडच्या खोल्यांवर जा, रविवारी दुपारी जा. माळवी, निमाडी, भिली, बुंदेली, पूरबी हिंदी, सगळं ऐकू येईल. आपली पुस्तकी हिंदी ऐकून माणूस साहेबाशी बोलल्यासारखा आखडतो. नावं आणि उत्तरं वेगळ्या वह्यांत ठेवा, मध्ये फक्त क्रमांक. उत्तरं कुणाला दाखवणार नाही असं सांगितलंत तर मार्गदर्शक सरांनाही नाव दाखवू नका.

मालकाशी बोलताना मत शेवटी विचारा. आधी यंत्रं किती, पाळ्या किती, गेल्या दिवाळीला ऑर्डर किती. पगारवाढीवरून सुरुवात केलीत की भाषण मिळतं. मागच्या वर्षीची माणसं आठवून सांगायला लावू नका, कागद मागा: पीएफचं महिन्याचं चलन, ईएसआयचा भरणा, वीजबिल. वीजबिलाला मालक नाही म्हणत नाहीत आणि युनिट चालू किती होतं हे त्यातून बरंच कळतं. आणि डोळे उघडे ठेवा. एका युनिटात हजेरीपत्रकावर आठ नावं होती. चार वाजता पोऱ्या चहा घेऊन आला, मी पेले मोजले, एकोणीस होते. तेव्हापासून आमच्या प्रश्नावलीत "चहाचे पेले" असा खरोखर एक रकाना आहे.

हिशेब

मूळ फाइलीला हात लावायचा नाही. दुरुस्ती करायची ती प्रत वेगळी, आणि काय बदललं ते प्रत्येक वेळी लिहून. आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरपैकी आर फुकट आहे, स्टाटा विद्यापीठात मिळतं, पण पहिली चार खणांची सारणी साध्या एक्सेलमध्ये करा: जास्त तफावत, कमी तफावत, आधी, नंतर. कार्ड-क्रूगर यांचं सगळं म्हणणं अशाच चार खणांत मावतं. तुमचं मावत नसेल तर समीकरणानं ते मावणार नाही.

मग महिन्यागणिक आलेख. मग समीकरण: युनिटातल्या माणसांची संख्या डावीकडे. उजवीकडे प्रत्येक युनिटाचा स्वतःचा स्थिरांक, प्रत्येक महिन्याचा स्वतःचा स्थिरांक, आणि तफावत गुणिले "दर लागू आहे का" (हो म्हणजे १, नाही म्हणजे ०). स्थिरांकांमुळे मोठं युनिट-लहान युनिट हा भेद आणि दिवाळी-पेरणी ही चढउतार दोन्ही बाजूला पडतात. आपला आकडा किती चुकू शकतो (स्टँडर्ड एरर), ते युनिटाप्रमाणे गट करून काढा, कारण एका युनिटाचे बारा महिने म्हणजे बारा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत.

खोट्या तारखेची चाचणी चुकवू नका. वाढ एप्रिल २०२३मध्ये झाली असं मानून तोच हिशेब करा. तिथेही "परिणाम" निघाला तर तुमच्या पद्धतीत काहीतरी मुरलेलं आहे. तसंच ज्यांचा पगार आधीच वीस हजारांच्या वर आहे त्या ऑफिसातल्या लोकांवर परिणाम निघायला नको.

आणि उत्तर शून्याच्या जवळ आलं तर? समजा, अंदाज एक टक्का घट, पण खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा नऊ टक्के घट ते सात टक्के वाढ इतका रुंद. याला "परिणाम झाला नाही" असं लिहू नका. नऊ टक्के घट म्हणजे आतेभावाचं म्हणणंही त्या पट्ट्यात बसतं. तुमच्या नमुन्याला ते ओळखता आलं नाही, एवढंच खरं आहे आणि तेवढंच लिहा.

कायद्यांची राज्यवार तुलना करणारे निबंध वाचताना एक गुजराती उदाहरण लक्षात ठेवा. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी २००४ साली राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात केलेल्या दुरुस्त्यांना कामगारधार्जिणी किंवा मालकधार्जिणी असे गुण दिले आणि १९५८ ते १९९२ या काळातल्या उत्पादनाशी ते जोडले. अर्थशास्त्रात त्याचा मोठा बोलबाला झाला. दिल्लीचे आदित्य भट्टाचार्जी यांनी मूळ दुरुस्त्या काढून वाचल्या, तेव्हा दिसलं की गुजरात कामगारधार्जिणं ठरलं ते १९७३च्या एकुलत्या एका दुरुस्तीवरून. संयुक्त व्यवस्थापन परिषदेवर प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला पन्नास रुपये दंड, एवढीच ती दुरुस्ती. बडोद्याच्या कुठल्याही कारखानदाराला विचारलं असतं तर तो हसला असता. मध्य प्रदेशाकडे तर १९६०चा स्वतःचा औद्योगिक संबंध कायदा होता, तो केंद्राच्या कायद्यातल्या दुरुस्त्या मोजून दिसत नाही. दुसऱ्यानं दिलेले गुण उचलून समीकरणात घालायच्या आधी एक दुपार मूळ कायदा वाचण्यात घालवा.

परत जाऊन दाखवा

मसुदा तयार झाला की ज्यांनी आकडे दिले त्यांच्याकडे जा. प्रत्येक मालकाला फक्त त्याच्या युनिटाचा आलेख, कामगारांना सगळ्यांची मिळून सरासरी. ही पायरी बहुतेक जण वेळ नाही म्हणून गाळतात. मागच्या खेपेला एका तयार कपड्यांच्या युनिटाच्या आलेखात ऑगस्टमध्ये मोठा खड्डा होता: चौदाची नऊ माणसं, वीजबिलही निम्मं. आम्ही त्यावर दीड पान लिहिलं होतं, स्थगिती असूनही मालक माणसं का घेत नाही, याबद्दल. मालकानं चष्मा लावून आलेख पाहिला, मुनीमजींना हाक मारली आणि विचारलं, "वो प्रेस की मोटर कब जली थी?"

मुनीमजींनी वही उघडली. राखीच्या आठवड्यात.